पडक्या भिंतीला बोलतं करण्याची कृती

आदिलाबाद जिल्ह्यातल्या भिंती वर्षानुवर्षं बियाणं, खतं, सिमेंट आणि पक्षांची चिन्हं यांच्यासाठी रंगत आल्या आहेत. बेला, जैनथ, भीमपूर या पेनगंगेच्या बाजूच्या मंडलांत तेलुगू आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते, त्यामुळे सरहद्द बदलली तरी बोली आणि सोयरिकी राहिल्या. इथल्या भिंतींवर माल विकणाऱ्याचं म्हणणं दिसतं, मत मागणाऱ्याचंही दिसतं. गावाचं स्वतःचं म्हणणं मात्र क्वचितच दिसतं. ते मांडायला सगळ्यांत योग्य भिंत म्हणजे टाकून दिलेल्या इमारतीची: बंद शाळा, ओस पडलेली क्वार्टर, कुलूप लागलेलं गोदाम, डॉक्टर नसलेला दवाखाना.

अशी इमारत का ओस पडली, हे गावात कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. ते कारण शोधायचं, लोकांच्या तोंडून पक्कं करून घ्यायचं आणि त्याच इमारतीवर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. या कामाचं सार एवढंच आहे. पडक्या भिंतीवर नुसती फुलं-फुलपाखरं काढली तर पडझड झाकली जाते आणि ज्यांनी इमारत वाऱ्यावर सोडली त्यांची सोय होते. म्हणून इथे भिंत सजवण्याआधी गावाला विचारायचं आहे.

पुढची कृती २० फूट लांब आणि १० फूट उंच, म्हणजे २०० चौरस फुटांच्या सिमेंट-गिलाव्याच्या भिंतीसाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून बंद पडलेल्या दोन खोल्यांच्या शाळेचं उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. सात-आठ माणसं पुरतात. परवानगी आणि गावाशी बोलणं यांना तीन-चार आठवडे धरा, प्रत्यक्ष रंगकामाला आठवडाभर.

साहित्य

- तारेचे ब्रश, लोखंडी स्क्रॅपर, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- भेगा बुजवायला सिमेंट आणि चाळलेली वाळू (१ ला ४), पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ५ किलो
- बाहेरच्या भिंतीचा प्रायमर २ लिटर
- बाहेरच्या भिंतीचं पांढरं ॲक्रिलिक इमल्शन ८ लिटर: अर्धं तळाला, अर्धं रंग मिसळायला
- पिवळा, निळा, हिरवा आणि लाल ऑक्साइड स्टेनर. काळा आणि विटकरी तयार रंग एकेक लिटर
- अर्धा, एक, दोन आणि चार इंची ब्रश, एक ९ इंची रोलर
- सूतदोरा, ओळंबा, मोजपट्टी, खडू, कोळसा, गेरूची पूड
- बांबूची परांची, किंवा दोन लाकडी घोडे आणि जाड फळ्या
- मास्क, चष्मा, हातमोजे, टोप्या, प्यायचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी

पायरी १ : हंगाम ठरवा

जून ते सप्टेंबर पावसाचा काळ, तो सोडा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा रंग ब्रशवरच सुकतो आणि उन्हात तापलेल्या भिंतीवर नीट चिकटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बऱ्याचदा १० अंशांच्या खाली जातो. इतक्या थंडीत आणि दवात ॲक्रिलिक रंगाची सलग साय धरत नाही. शिवाय नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचणीचे दिवस असतात आणि गाव शेतात असतं. त्यामुळे फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम: हवा कोरडी, ऊन सोसण्याजोगं आणि माणसं संध्याकाळी बसून बोलायला मोकळी. गोंड गावांत पौष अमावस्येला सुरू होणारी केसलापूरची नागोबा जत्रा उरकू द्या, मग तारीख धरा.

पायरी २ : इमारत पारखा

भिंत रस्त्यावरून किंवा पारावरून दिसते का, ते आधी बघा. लोक जिथे थांबतात तिथली भिंत वाचली जाते: बसथांबा, हातपंप, रेशनचं दुकान. मग इमारतीला चहूबाजूंनी फेरी मारा. कोपऱ्यातून तिरकी गेलेली, बोट जाईल एवढी भेग, पोट सुटलेली भिंत, स्लॅबमधून उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या, यांपैकी काहीही दिसलं तर ती इमारत सोडून द्या. परांची लावायला ती धोक्याची आहे, आणि चित्र बघायला येणारी मुलं तिच्याच सावलीत खेळणार आहेत. आत साप, विंचू, आग्या मोहोळ आहे का तेही दिवसाउजेडी, काठी घेऊन, दोघांनी मिळून पाहा.

देऊळ, मशीद, समाधी, गढी आणि पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असलेली कोणतीही वास्तू यांना हात लावू नका. जुन्या दगडी किंवा चुन्याच्या कामावर ॲक्रिलिक रंग लावला तर आतली ओल कोंडते आणि दगड-चुना झिजायला लागतो.

फार मोठ्या जागेने सुरुवातही करू नका. सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा आदिलाबादचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला. त्याच्यावर सांगण्यासारखं खूप आहे, पण केंद्र सरकारच्या कंपनीची परवानगी आणि तेवढ्या उंचीचं काम नवख्या गटाला पेलणार नाही. गावातली एक शाळा घ्या.

पायरी ३ : मालक शोधा, लेखी परवानगी घ्या

इमारत ओस पडली तरी तिचा मालक असतोच. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत चौकशी करा आणि महसुली नोंद, म्हणजे इथल्या भाषेत पहाणी, पाहून घ्या. शाळा शिक्षण खात्याची आहे की पंचायतीची, जमीन कुणाच्या दानाची आहे, हे कागदावर कळतं. तेलंगणात मोकळ्या जागांच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९७ चा कायदा आहे, पलीकडे महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा. परवानगीवाचून रंगवलेली भिंत एका तक्रारीत पांढरी होते आणि पोरांवर गुन्हा दाखल होण्याची भीती राहते.

अर्जात भिंतीचं माप, चित्राचा कच्चा आराखडा आणि मजकूर (ते पायरी ४ ते ७ मध्ये ठरतात, म्हणून अर्ज त्यांनंतर द्या), कामाच्या तारखा आणि चित्र किती वर्षं राहील, हे सगळं लिहा. उटनूर परिसरासारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिला आहे. तिथे विषय ग्रामसभेत मांडा आणि ठरावाची प्रत घ्या. गोंड गावात पाटलाला, आणि जिथे राय सेंटर, म्हणजे गोंडांची पारंपरिक पंचायत, चालतं तिथे त्याच्या प्रमुखाला, सारमेडीलाही, आधी जाऊन भेटा. या भेटी औपचारिक समजू नका. पुढे कुणी चित्राला हरकत घेतली तर हीच माणसं भिंतीपुढे उभी राहतात.

न्यू यॉर्कमध्ये कीथ हेरिंगने १९८६ मध्ये टाकून दिलेल्या हँडबॉल मैदानाच्या भिंतीवर परवानगीशिवाय अमली पदार्थांविरुद्ध चित्र काढलं आणि त्याला दंड झाला. ते पुसलं गेलं, पण त्याच भिंतीवर त्याने पुन्हा काढलेलं चित्र पुढे शहराने जपलं. पण नामवंत चित्रकाराच्या पाठीशी वर्तमानपत्रं उभी राहतात, खेड्यातल्या पोराच्या पाठीशी गावच उभं राहू शकतं.

पायरी ४ : ऐका

संध्याकाळी त्या इमारतीसमोरच सतरंजी टाका. तीन प्रश्न पुरतात. इथे पूर्वी काय चालायचं? ते कधी आणि कशामुळे थांबलं? ते थांबल्यामुळे कुणाला काय सोसावं लागलं? बायकांची बैठक वेगळी घ्या, म्हणजे त्या मोकळेपणी बोलतील. जी शाळा दूर गेली तिथे मुलीला एकटीने पाठवायचं की नाही, याचा निर्णय घरात कसा झाला, हे त्याच सांगू शकतात. दोघांनी वह्या धराव्यात आणि माणसाचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत.

जुनी जखम निघाली तर घाई करू नका. या जिल्ह्यात २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे, लोकांच्या आठवणीतला याहून बराच मोठा. ज्या घरांनी माणूस गमावला त्यांच्या दुःखाचं चित्र त्यांनी सांगितल्याशिवाय कुणी काढू नये. गोंडांच्या लढ्याचा नेता कोमाराम भीम याचं नाव आणि ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा इथे भिंतीभिंतीवर आहे. ती पुन्हा रंगवण्याआधी आपल्या इमारतीशी तिचा थेट संबंध काय, हे सांगता आलं पाहिजे.

पायरी ५ : एक वाक्य ठरवा

वह्यांमधून एकच वाक्य निवडा. शाळेच्या उदाहरणात ते असं असू शकतं: ‘पोरं गावातच आहेत, शाळा गावात नाही.’ वाक्य गावातल्या कुणाच्या तरी तोंडचं असावं, खरं असावं आणि दहा शब्दांच्या आत मावावं. त्यात कुणा अधिकाऱ्याचं, पुढाऱ्याचं नाव नको, जातीवर-धर्मावर बोट नको, पक्षाचा रंग नको. नावं घेतली की भांडण त्या माणसापाशी अडकतं आणि शाळा मागे पडते. राजकीय वाटेल असं लिखाण सरकारी भिंतीवर निवडणुकीच्या आचारसंहितेत टिकतही नाही.

प्रत्येक विधान तपासून घ्या. शाळा कोणत्या वर्षी बंद झाली, शेवटच्या वर्षी पटावर किती मुलं होती, हे जुन्या नोंदीतून किंवा तिथल्या शिक्षकांकडून पक्कं करा. भिंतीवर एक आकडा चुकला तर सगळं चित्र खोटं पाडायला तो पुरतो.

पायरी ६ : चित्र जुळवा

आता त्या वाक्याला रूप द्या. शाळेसाठी चांगला आकार म्हणजे हजेरीपट. सगळी भिंत हजेरीपटाचं उघडं पान होऊ द्या: आडव्या-उभ्या रेघा, डावीकडे अनुक्रमांक, पुढे रकाने. मुलांची नावं लिहू नका. नावाच्या जागी चपलांचा एकेक जोड काढा आणि पुढच्या रकान्यात मूल आता कुठे आहे ते: ‘आश्रमशाळेत’, ‘मामाच्या गावी’, ‘रोज सहा किलोमीटर पायी’, ‘कापूस वेचायला’. हे तपशील पायरी ४ मधल्या बैठकीतूनच यायला हवेत. मनाने एकही भरू नका. शेवटच्या दोन ओळी रिकाम्या ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

दवाखाना असेल तर औषधाच्या चिठ्ठीचा आकार घेता येईल, गोदाम असेल तर वजनकाट्याच्या पावतीचा. इमारतीत जो कागद चालायचा तोच तिच्या भिंतीवर मोठा करायचा, म्हणजे अशिक्षित माणसालाही विषय लांबून कळतो. मुंबईत ससून डॉकवर २०१७ च्या कलाप्रकल्पात कोळी माणसांचे भलेमोठे चेहरे त्यांच्याच धक्क्याच्या भिंतींवर लागले होते. जागा आणि माणूस यांचं नातं चित्रात असलं की वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. जिवंत माणसाचा चेहरा काढायचा असेल तर त्याची, आणि मूल असेल तर आईबापांची, संमती घ्या. दंडारी या गोंड नाचातला, मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी नर्तक दिसायला देखणा असतो, पण तो पूजेचा विषय आहे. नक्षी म्हणून तो वापरू नका.

पायरी ७ : लिपी ठरवा

समोरून जाणारे लोक जी भाषा वाचतात ती सर्वांत मोठी. पेनगंगेकाठी तेलुगू आणि मराठी सारख्याच उंचीच्या ठेवा. गोंड गावात गोंडी असू द्या. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतल्या जुन्या हस्तलिखितांचा शोध लागला, ती लिपी ‘गुंजाळा गोंडी’ म्हणून ओळखली जाते आणि २०१८ पासून युनिकोडमध्ये आहे. तिचे मोफत फॉन्ट मिळतात. लिपी जाणणाऱ्या माणसाकडून मजकूर वाचून घ्या आणि मगच भिंतीवर चढवा. तेलुगू आणि मराठीसाठीही असा एकेक वाचणारा ठरवा.

अक्षरांच्या उंचीचा हिशेब सोपा आहे: वाचणारा जितके फूट दूर, त्याच्या दहाव्या हिश्शाइतके इंच. रस्ता ६० फुटांवर असेल तर अक्षर किमान ६ इंच हवं. फ्लेक्स आल्यावर ज्यांचं काम कमी झालं असे जुने पेंटर तालुक्याच्या गावी अजून भेटतात. अक्षरांसाठी त्यांना बोलवा आणि पूर्ण मजुरी द्या. वेलांटी कुठे जाड, कुठे बारीक, हे त्यांच्या मनगटात असतं आणि गटातल्या पोरांना ते शिकता येतं.

पायरी ८ : भिंत तयार करा

सुटलेले पोपडे, जुना डिस्टेंपर आणि चुन्याचे थर खरवडून काढा. बोटाने घासल्यावर पांढरी भुकटी हाताला लागत असेल तर अजून खरवडायचं आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा देशात २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर संशयित धरा. ते कोरडे घासू नका, पाणी मारून ओलेच खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि निघालेला चुरा पोत्यात भरून शेतापासून, पाण्यापासून दूर न्या.

भिंतीला लोणा लागला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर पुन्हा भिंतीत मुरतो. ओल कुठून येते ते शोधा, छपराची पन्हाळ किंवा जोत्याजवळचं साचलेलं पाणी आधी दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात चित्राची साल निघेल. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून, स्वच्छ धुऊन दोन-तीन दिवस वाळवा. भेगा सिमेंट-वाळूने भरा. जिथे नवा गिलावा केला असेल तिथे पाणी मारून, नंतर चार आठवडे थांबून मगच रंग लावा. बारीक खड्ड्यांना पुट्टी, वर १२० नंबरचा पॉलिश पेपर.

भिंत मातीची किंवा चुन्याची असेल तर ॲक्रिलिक वापरू नका. विझवलेला चुना रात्रभर भिजवून, कापडातून गाळून, त्यात डिंकाचं पाणी घाला आणि गेरू, पिवळी माती, काजळी यांच्या रंगात काम करा. छटा मोजक्या मिळतात, पण भिंतीला श्वास घेता येतो.

पायरी ९ : तळ द्या, रेघा मारा

प्रायमरचा एक हात, तो पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या इमल्शनचे दोन हात, दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर. एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण ५० चौरस फूट जातं, त्या हिशेबाने ४ लिटर पुरतं.

कागदावरचं चित्र १ इंचाला १ फूट या प्रमाणात काढा, म्हणजे २० इंच बाय १० इंच, आणि त्यावर एकेक इंचाचे चौकोन आखा. भिंतीवर ओळंब्याने उभी रेघ पक्की करा. गेरूत बुडवलेला सूतदोरा दोघांनी ताणून धरायचा, तिसऱ्याने ओढून सोडायचा: एका फटक्यात सरळ रेघ. एकेक फुटाचे चौकोन झाले की कागदावरच्या चौकोनात जे आहे तेच भिंतीवरच्या चौकोनात खडूने उतरवा. मग रस्त्यापलीकडे जाऊन पाहा आणि दुरुस्त्या याच टप्प्यावर करा.

पायरी १० : रंग भरा

भिंतीवरचं ऊन सरकेल तसं त्याच्या मागेमागे सावलीत काम करा. आधी मोठे सपाट भाग, मग आकृत्या, शेवटी रेघा आणि अक्षरं. वरून खाली या, म्हणजे ओघळ तयार कामावर पडणार नाहीत. एका लिटर पांढऱ्यात स्टेनर ५० मिलिलिटरच्या आसपास थांबवा, जास्त घातलं तर रंग वाळायला वेळ घेतो आणि पुसट होतो. गडद रंग तयारच घ्या. लागणारा प्रत्येक रंग एकदाच पुरेसा मिसळा, कारण तीच छटा दुसऱ्यांदा जमत नाही. लाल आणि पिवळ्यासाठी ऑक्साइडचे रंग वापरा, ते उन्हात टिकतात.

परांचीवर एकाच वेळी दोघांहून जास्त नकोत आणि खाली एक जण सतत हवा. चपला गावातल्या मुलांना काढू द्या, एकेकाला एकेक चौकोन. कुणाची वाकडी झाली तर पुसून सरळ करू नका. हजेरीपटावरचं हस्ताक्षर मुलांचंच असायला हवं.

पायरी ११ : भिंत कामाला लावा

चित्र पूर्ण झालं की त्याच सतरंजीवर पुन्हा बसा. ज्यांचे शब्द भिंतीवर आहेत त्यांच्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या किंवा त्यांना वाचून दाखवा. त्याच बैठकीत मागणीचा अर्ज लिहा: शाळा पुन्हा उघडा, किंवा मुलांसाठी वाहन द्या, किंवा निदान इमारत वाचनालयाला द्या. मागणी एक ठेवा, सह्या-अंगठे घ्या, चित्राचा फोटो जोडा आणि मंडल शिक्षण अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या. अर्जाची तारीख हजेरीपटाच्या रिकाम्या ओळीत लिहा. उत्तर आलं की त्याची तारीख पुढच्या ओळीत. महिने उलटले आणि दुसरी ओळ रिकामीच राहिली, तर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसेल.

पायरी १२ : निगा ठेवा आणि पुसायची तयारी ठेवा

दर पावसाळ्यानंतर भिंत मऊ ब्रशने धुवा, उडालेले तुकडे रंगवा. त्यासाठी प्रत्येक रंगाची लहान बाटली झाकण घट्ट लावून ठेवा आणि तिच्यावर छटेचं प्रमाण लिहा. वर्षातून एकदा रकाने तपासा. एखादं मूल शिकायला परत लागलं असेल तर त्याच्या चपलेपुढचा मजकूर बदला. जुनी माहिती भिंतीवर ठेवणं म्हणजे गावाने खोटं बोलणं.

परवानगीची मुदत संपली तर पुन्हा अर्ज करा. आणि शाळा उघडली, खोल्या दुरुस्त झाल्या, घंटा वाजू लागली, तर गटाने स्वतः पुढे होऊन चित्रावर पांढऱ्याचे दोन हात मारावेत आणि ती भिंत शिक्षकांच्या ताब्यात द्यावी. तक्रार सांगण्यासाठी घेतलेली भिंत तक्रार मिटल्यावर परत केली की पुढच्या गावातल्या, पुढच्या इमारतीची परवानगी मागताना ताठ मानेने मागता येते.